प्लग बाहेर, हीटर चालू

या ग्रुपवरचे चमत्कारिक अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतोय. खरं सांगायचं तर वाचून कधी कधी हसतोही... कारण माझा धंदाच विजेचा. दुबईजवळ अजमानमध्ये माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे – वायर, स्विच, ब्रेकर. वायर तोडली की करंट खलास, एवढं सरळ गणित मला कळतं. रत्नागिरीकडे आमच्या गावात जिन्नांच्या गोष्टी सांगणारे खूप होते. मी त्या ऐकल्या, पण मनावर कधी घेतल्या नाहीत. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलोय याचं मलाच हसू येतंय.

आधी माझ्या मुलीबद्दल सांगतो, कारण तिच्याशिवाय ही गोष्टच नाही. नाझनीन. जन्म इथलाच, शिक्षण पुण्याला, इंजिनियर. हमरिया फ्री झोनमधल्या एका छोट्या टेस्टिंग कंपनीत ती काम करते. काम काय, तर इलेक्ट्रिक आणि प्लग-इन हायब्रिड गाड्या कडाक्याच्या थंडीत कशा वागतात ते तपासायचं! लोकांना ऐकून गंमत वाटते. आमच्या सात पिढ्यांत कोणी बर्फ बघितलेला नाही. कोकणात घाम, इथे त्याहून जास्त घाम. आणि ही मुलगी रोज उणे पंचवीसच्या खोलीत जाते. गाड्या थंड देशांत विकायच्या असतात, त्यांची परीक्षा इथे वाळवंटाच्या कडेला होते.

रात्री जेवताना ती मला समजावते – अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश. थंडीत बॅटरी सुस्तावते, चार्ज हळू घेते. त्यात आतल्या माणसांना गरम ठेवायलाही त्याच बॅटरीतून करंट जातो, म्हणून गाडी कमी पळते. नव्या गाड्यांत हीट पंप असतो, तो बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता ओढून आणतो. हायब्रिडचं वेगळंच – बॅटरी भरलेली असली तरी जास्त थंडीत तिचं पेट्रोल इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं. मी हे सगळं दुकानात गिऱ्हाइकांना सांगतो. माझी बायको झुबेदा म्हणते, बल्ब घ्यायला आलेल्या माणसालाही तुम्ही हीट पंप शिकवता. सांगणारच ना! मुलगी माझी आहे.

तर मागच्या जुलैतला शुक्रवार. नाझची गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून जुम्याची नमाज झाल्यावर मी तिला आणायला गेलो. घरी झुबेदाने वडे आणि मटण केलं होतं. बाहेर ऊन असं की स्टिअरिंगला हात लावता येईना. ऑफिसातले बहुतेक लोक निघून गेले होते. नाझचा ज्युनियर केदार तेवढा होता, पुण्याचा मुलगा. तो म्हणाला, "काका, बसा. मॅडमचं आतलं एक छोटं काम राहिलंय."

ती कोल्ड रूम म्हणजे गाडी मावेल एवढा स्टीलचा डबा. बाजूला सरकणारा जाड दरवाजा, त्यात वहीएवढी एक काच, आणि शेजारी बोलण्यासाठी स्पीकर. काचेतून मी पाहिलं. आत पांढरी इलेक्ट्रिक गाडी, दोन दिवस थंडीत ठेवलेली, काचांवर जाड हिम. नाझ मोठं जॅकेट घालून बॉनेटमध्ये वाकली होती. हीटरच्या वायरचं काम होतं, म्हणून गाडीचा सर्व्हिस प्लग काढलेला होता. हा एक नारिंगी, मुठीएवढा प्लग असतो. तो काढला की मोठी बॅटरी गाडीपासून पूर्ण तुटते. लाइट-हॉर्नची छोटी बॅटरी असते, तीही सोडवलेली होती. नियम असा की आत माणूस काम करत असताना प्लग बाहेरच्या माणसाकडे राहतो. तो केदारच्या हातात होता.

नाझने काम संपवून बॉनेट लावलं, आमच्याकडे बघून हात हलवला आणि दरवाज्याचं आतलं बटण दाबलं. मोटर घुरघुरली... आणि जळका वास येऊन बंद पडली. तिने आतला इमर्जन्सी दांडा ओढला, केदारने बाहेरचा. दरवाजा तसूभर हलेना. खालच्या रुळात बर्फ धरला होता.

केदारने लगेच कूलिंग बंद केलं. मेंटेनन्सला आणि सिव्हिल डिफेन्सला, म्हणजे इथल्या अग्निशमन दलाला, फोन लावले. दोघेही निघाले होते, पण यायला वेळ लागणार होता. आणि असा डबा कूलिंग बंद केल्याबरोबर काही गरम होत नाही. केदारनेच मला तसं सांगितलं, पण माझ्याकडे न बघता.

नाझ स्पीकरवर आली. आवाज शांत. बारीक काम करायला तिने एक हातमोजा काढला होता, तो ओला होऊन कडक झाला होता, एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "अब्बा, आय ॲम फाइन. गाडीत जाऊन बसते." केदारला तिने रुळावर कुठे गरम पाणी ओतायचं तेही सांगितलं. मग ती गाडीत बसली, दार ओढून घेतलं. पुढच्या काचेवरच्या हिमातून तिची नुसती सावली दिसत होती.

आम्ही किटलीतून पाणी आणून ओतत होतो. मधेमधे मी काचेला डोळा लावायचो. ती सावली आधी हात चोळत होती. मग हळू झाली. मग हलेनाशी झाली. मी स्पीकरवर हाका मारल्या, ती गाडीतून उत्तर देईना. माझ्या तोंडून दुआ सुरू झाली. दुसरं काय होतं माझ्या हातात?

आणि तेव्हा ते दिसलं.

पुढच्या काचेवरचं हिम खालच्या कडेपासून वितळायला लागलं. आधी एक काळी पट्टी, मग ती वर वर सरकत गेली, पाण्याचे ओघळ आले. मी केदारला ओढून आणलं. काच अर्धी मोकळी झाल्यावर नाझ दिसली. तिने जॅकेटची टोपी मागे टाकली होती आणि दोन्ही हात डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीपाशी धरले होते, शेकोटीपाशी धरतात तसे. आमच्याकडे बघून तिने मान हलवली.

केदार म्हणाला, "काका, हे होऊ शकत नाही." त्याने खिशातून प्लग काढला आणि माझ्या हातात ठेवला. जणू मी तो तपासून सांगणार होतो.

मेंटेनन्सवाल्यांनी हीट गनने रूळ मोकळा केला, पहारीने दरवाजा सरकवला. मी आधी आत घुसलो. थंडी नाकात सुईसारखी टोचली. गाडीचं दार उघडलं तर आतून गरम वारा तोंडावर आला. मी जाळीवर हात ठेवला. वारा वाहत होता, पण स्क्रीन काळी, एकही दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. नाझ बाहेर पडली आणि वारा थांबला. प्लग माझ्या डाव्या मुठीत होता.

सिव्हिल डिफेन्सबरोबर आलेल्या ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तिला तपासलं. बोटांना थोडी सूज होती, बाकी काही नाही. घरी येऊन तिने दोन वडे जास्तच खाल्ले.

नंतर कंपनीवाल्यांनी सगळं तपासलं. गाडीत तापमानाचे सेन्सर लावलेले होते, त्यांच्या ग्राफमध्ये उष्णता वाढलेली स्पष्ट दिसत होती. बॅटरीचा चार्ज मात्र जिथल्या तिथे. कुणी म्हणालं, अंगाच्या उष्णतेने झालं असेल. केदारने त्याला विचारलं, एका माणसाच्या अंगाने उणे पंचवीसमध्ये काच वितळते का? पुढच्या आठवड्यात तीच गाडी, तीच खोली, तसाच प्लग काढून पुन्हा टेस्ट झाली. आत कोण बसलं? नाझच. दरवाज्याची मोटर नवी होती, आणि या वेळी पहार घेऊन एक माणूस दरवाज्यापाशीच उभा होता, तरी मी दुकान बंद करून तिथे जाऊन उभा राहिलो. या वेळी काहीच झालं नाही. हिम तसंच राहिलं. ती कुडकुडत बाहेर आली आणि जरा हिरमुसलेली दिसली.

मग गाडीवाल्या परदेशी कंपनीबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. नाझच्या बॉसचं म्हणणं होतं, दरवाजा अडकल्याचं सांगू, हीटरचं कशाला काढायचं, लोक हसतील. ती म्हणाली, ग्राफ माझ्या टेस्टचा आहे, मी तो दाखवणार. मला हे केदारने सांगितलं. तिने ग्राफ दाखवला. समोरच्या मोठ्या साहेबाने विचारलं, याचं कारण काय? तिथे काहीतरी टेक्निकल शब्द फेकून वेळ मारून नेता आली असती. नाझ म्हणाली, "आय डोन्ट नो, सर." त्याने थोडा वेळ ग्राफ पाहिला आणि सांगितलं की आमच्या पुढच्या सगळ्या टेस्ट याच बाईकडून करून घ्या.

मी तिला एकदा विचारलं, त्या गाडीची भीती नाही वाटत? ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "व्हाय? इट वॉज काइंड टू मी."

मला कारण अजून सापडलेलं नाही. केदारला नाही, त्या साहेबालाही नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा, मी नाझला वाचून दाखवीन... पण पक्कं माहीत असेल तरच लिहा. ती उलट प्रश्न फार विचारते.