फळीवरचा हिवाळा

सकाळचे साडेसहा. सिंचन तलावाचा बांध, पाण्यावर धुकं, मफलर गुंडाळलेली सात माणसं आणि हवा भरून फुगवलेल्या दोन फळ्या. तलावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं, तर दुपारपर्यंत फळ्या दुसऱ्या तलावावर जातील आणि माझी बातमी खोटी ठरेल.

या फळीला स्टँड-अप पॅडलबोर्ड म्हणतात. वर उभं राहायचं आणि वल्हं मारायचं. वाशिम जिल्ह्यात पर्यटन वाढावं म्हणून हा खेळ हिवाळाभर चालवायचं ठरलं. तीस वर्षं बातमीदारी करतोय, पण एकाच तलावाने माझी अख्खी वही भरली, असं पहिल्यांदाच झालं. त्यातलं छापून आलं फार थोडं. उरलेलं इथे सांगतो.

*

पहिल्या दिवशी पुण्याहून आलेला प्रशिक्षक शिकवत होता, "गुडघे सैल, नजर समोर."

बांधावर सुदामभाऊ बसले होते. कालव्याच्या शेवटाला त्यांचा दीड एकर गहू. विहीर नाही, बोअर नाही. जे पाणी यायचं ते याच तलावातून.

"बसून वल्हवलं त लवकर पोचते," ते म्हणाले. "हा उभा काहून राहून राह्यला?"

"कंबर मजबूत होते, काका," प्रशिक्षक म्हणाला.

"आमची वावरात वाकूनच होते. फळी नाही लागत."

*

लाइफ जॅकेट आली होती. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कुलपात. देखरेखीला नेमलेल्या वानखडेंना मी विचारलं, "फळ्या वापरता, मग जॅकेट का नाही?"

"फळ्या ट्रायलवर आहेत. जॅकेट उद्घाटनाची आहेत."

"ट्रायलमध्ये कोणी बुडालं तर?"

वानखडेंनी खरंच विचार केला. "ट्रायलची नोंद नसते, साहेब."

*

गव्हासाठी कालव्याचं गेट उघडलं आणि तलाव आठवड्याला दहा पावलं मागे सरकू लागला. फळ्यांवर चढायचा धक्का चिखलात उभा राहिला. जिल्ह्यातल्याच मालेगावहून हौसेने आलेले एक प्राध्यापक पोटरीभर गाळ तुडवत पाण्यापर्यंत पोचले, तेव्हा त्यांची एक चप्पल मागेच राहिली होती.

योजनेचे मोठे साहेब पाहणीला आले.

"पाणी कुठे जातंय?"

"गव्हाले, साहेब," वानखडे म्हणाले.

"रोज?"

"तलाव त्याच्यासाठीच बांधला होता."

ही माहिती साहेबांना नवीन होती.

*

मग उद्घाटनाची तारीख ठरली, तलाव भरलेला दिसावा म्हणून गेट बंद झालं आणि कालवा आटला. सुदामभाऊंचा गहू नुकता पोटरीत आला होता, ओंबी बाहेर पडायच्या बेतात. या वेळचं पाणी चुकलं की ओंबी भरत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. योजना आखणाऱ्यांत मात्र तसं कोणी नव्हतं.

सुदामभाऊ मला घेऊन तलावावर आले. प्रशिक्षकाला थेट विचारलं, "पाहुण्याले उभं राहाले पाणी किती लागते?"

"मांडीभर पुरतं, काका."

"मंग बाकीचं आमाले सोडा ना."

प्रशिक्षकाने वानखडेंकडे पाहिलं. वानखडेंनी बोट वर केलं. वर आभाळ होतं.

*

गेट बंद झाल्यापासून अठराव्या दिवशी उद्घाटनाचे पाहुणे आले. थंडी होती, गार वारा होता. पाहुण्यांनी पाण्यात बोट बुडवलं आणि लगेच काढून घेतलं. मग फळी बांधावरच्या गवतावर ठेवली. ते जॅकेट घालून तिच्यावर उभे राहिले, हातात वल्हं धरलं, गुडघे सैल, नजर कॅमेऱ्यात. टाळ्या झाल्या. गाड्या गेल्या.

सुदामभाऊ बांध उतरून कोरड्या कालव्याच्या कडेने वावराकडे गेले.

त्यांच्या ओंब्या पोचट निघाल्या. गेट कोणाच्या आदेशाने बंद झालं, हे मी लेखी विचारलं. उत्तराऐवजी मला गेटची नोंदवही दाखवण्यात आली.

त्या अठराही दिवसांपुढे, एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात लिहिलं आहे : गेट उघडे. खाली सही नाही.