पाठमोरं पिल्लू

माझा स्वभाव घाईचा. ब्लाउज शिवायला घेतला की हूक लावून, इस्त्री फिरवून घडी घातल्याशिवाय मला पाणी गोड लागत नाही. गोष्टही मी तशीच वाचते, शेवट गाठायला. त्यामुळे माझी लेक चार वर्षांची असताना एका चित्रांच्या पुस्तकाने माझा जो अंत पाहिला, तो आमच्या चौलातल्या एकाही गिऱ्हाइकाने पाहिलेला नाही. आणि माझी गिऱ्हाइकं काही गरीब गाय नाहीत.

अस्तराचं कापड आणायला अलिबागला गेले होते. परतीच्या एसटीला वेळ होता आणि स्टँडबाहेर एकाने पुस्तकं मांडली होती, त्यातलं हे एक उचललं. गोष्ट एवढीशी. खार आपल्या पिल्लाला ढोलीत झोपवून खाऊ आणायला जाते. पिल्लू जागं होतं तर आई नाही. मग आई तोंडात बी घेऊन येते आणि पिल्लू तिला बिलगतं. संपलं. मधल्या एका पानावर मात्र एकही अक्षर नव्हतं. ढोलीत पिल्लू बसलेलं, आपल्याकडे पाठ करून, शेपटी अंगाभोवती गुंडाळून. मला वाटलं, छापणाऱ्याने आळस केला.

दुपारची भांडी झाली की आम्ही दोघी पडवीत वाचायला बसायचो. त्या पानाशी आलो की लेक त्यावर अख्खा पंजा ठेवायची.

"पुढं न्हाय."

"अगं, पुढे आई येते ना त्याची. बी आणते. बघूया की."

"न्हाय."

रोज तेच. मशीनवर कुणाचा तरी शिवणाचा ढीग वाट बघतोय आणि मी एका खारीपाशी अडकलेली. एकदा मी हुशारी केली. अक्षरं नाहीत तर आपणच घालू म्हटलं. गळा भरून आल्यासारखं वाचलं, "पिल्लाला आईची आठवण आली. ते रडू लागलं."

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच शाळेत नापास झाले. "न्हाय रडत ते. रागावलंय."

"का बरं?"

"त्याला बदकं दाखवायला नेलं. आलं तर आई न्हाय."

पुस्तकात बदक नव्हतं. बदकं आमच्या तळ्यावर होती. हातातलं पुस्तक मी तसंच मिटलं.

बदकांचं सांगायला हवं. माझा नवरा जहाजावर नोकरीला. एकदा गेला की महिनोन्‌महिने नाही. त्याचे वडील गलबतावर होते, त्यांचेही वडील पाण्यावरच. या घरात रीत अशी की पाण्यावर जाणाऱ्याला मागून हाक मारायची नाही आणि त्याच्या पाठीमागे रडायचं नाही. मोठी माणसं डोळ्यांतलं पाणी डोळ्यांत जिरवतात. लहान पोराला ते कसं जमणार? म्हणून निघायच्या वेळी कुणीतरी त्याला कडेवर घेऊन लांब काहीतरी दाखवायला नेतं. मागच्या खेपेला माझ्या सासूबाईंनी लेकीला तळ्यावर बदकं दाखवायला नेलं होतं. ती परत आली तेव्हा बॅग नव्हती, दारातल्या मोठ्या चपला नव्हत्या आणि बाबा नव्हता. ती रडली नाही. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं, शहाणी गो बाय माझी! मीही केलं. घरात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. ओरडत नाही ते पोर शहाणं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

त्यानंतर व्हिडिओ कॉल आला की ती फोनकडे पाठ करून बसायची. लाजते, म्हणायचो आम्ही. धन्य आमची!

नवरा सुट्टीवर आला तेव्हा पिशवीभर चॉकलेटं घेऊन आला. लेकीने ती घेतली, खाल्ली, पण बाबाच्या जवळ काही फिरकली नाही. त्याच्यावर नजर मात्र ठेवून. तो आंघोळीला गेला की ही न्हाणीच्या दाराशी. तो वाडीत नारळ उतरवून घ्यायला गेला की ही आडोशाला माडाखाली. अंगणवाडीत जायला नकार. शेजारच्या बकरीला करडं झाली, सासूबाई म्हणाल्या, "चल गो, करडं बघू," तर हिने पडवीचा खांब असा धरला की बोटं सोडवता येईनात. करडं बघायला नकार देणारं पोर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"माझ्या मांडीवर येत नाही आणि मला सोडतही नाही. काय केलंय मी हिचं?" नवरा म्हणाला. हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. मला त्याचं वाईट वाटलं आणि रागही आला. सुट्टीचे दिवस भराभर संपत होते. हा पुन्हा तसाच निघून गेला तर लेक आपल्या बापाला कायमची पाठ दाखवील, ही भीती माझ्या मनात घर करून बसली.

खारीचं पुस्तक मी त्याच्या हातात दिलं. "वाचून दाखवा हिला."

"मला नाही येत असलं."

"इंजिन दुरुस्त करता येतं, खार वाचता येत नाही होय?"

तो पडवीत बसला. लेक हातभर लांब. सासूबाई जरा पलीकडे सुपारी सोलत होत्या. त्याने वाचायला सुरुवात केली ती एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखी, आणि बिनअक्षरी पान आलं तसं झटकन उलटलं. "इथे काही लिहिलेलं नाही."

लेक सरकत आली आणि तिने पान मागे उलटलं.

तो थांबला. मी मशीनवरून बघत होते, पाय आपोआप थांबले होते. त्याने चित्राकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "काय करतंय हे?"

"रागावलंय."

"कुणावर?"

"बाबावर."

पुस्तकात बाबा नाही, असं तो म्हणाला नाही. तेवढ्यासाठी मी त्याचे मागचे पुष्कळ गुन्हे माफ केले.

"मग त्याला काय हवं होतं?"

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "सांगून जायचं."

त्याने पुस्तक मांडीवर ठेवलं. म्हणाला, लेकीला की स्वतःला कोण जाणे, "मला मिठागरावर न्यायचे. मिठाचे ढीग दाखवायला. परत यायचो तर पडवीतली बाबांची वळकटी गेलेली असायची. अजून मला मिठाचे ढीग बघायला आवडत नाहीत."

हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. सुपारीवरचा सासूबाईंचा हात थांबला होता. त्याच नेत असणार ना त्याला, दुसरं कोण नेणार?

त्या संध्याकाळी चुलीपाशी मी विषय काढला. या वेळी तिला सांगून निघू देत, म्हटलं. सासूबाई उसळल्या. "आनि रडली मंग? पाठीमागं रडं लागलं की पान्यातल्या मानसाला जड जातं. आमी काय दगडाच्या होतो? मला न्हाय वाटायचं रडावं?"

माझं उत्तर तयार होतं. माझ्याकडे ते नेहमीच तयार असतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि गिळून टाकलं. ही बाई नवऱ्याच्या आणि मुलाच्या पाठीमागे जन्मभर कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली होती, आणि तिला बदकं दाखवायला कुणी नेलं नव्हतं.

"तुम्हाला वाटत असणारच, आई," एवढंच म्हणाले. त्यांनी फुंकणी उचलली आणि विझत आलेल्या चुलीत उगाचच फुंकर घातली.

निघायचा दिवस आला. सकाळीच नवऱ्याने लेकीला बॅगेवर बसवलं आणि सांगितलं, "बाय, बाबा आज जहाजावर जाणार. खूप दिवस लागतील. पण येणार."

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिने जे भोकाड पसरलं, ते रेवदंड्यापर्यंत ऐकू गेलं असेल. तिने त्याच्या गुडघ्यावर बुक्क्या मारल्या. त्याच्या शर्टाला नाक पुसलं. मग गळ्यात पडली, सुट्टीभरात पहिल्यांदा. तो तसाच उकिडवा बसून राहिला आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न मारत राहिला. मी मात्र सासूबाईंकडे बघत होते. आता या पोरीला उचलतील, वाडीत नेतील, असं वाटत होतं. त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या दह्याची वाटी घेऊन, आणि चमचा त्यांनी लेकीच्या हातात दिला.

"घाल बाबाच्या हातावर."

हुंदके देत तिने दही घातलं. निम्मं त्याच्या हातावर, निम्मं बॅगेवर. तो ते दही चाटून गेला, आणि रिक्षा वळेपर्यंत रडणं त्याच्या पाठीमागे लागलेलं होतं.

दुपारी लेक स्वतःच पुस्तक घेऊन आली. डोळे सुजलेले, नाक लाल. ते पान आलं. मी तिच्या पंज्याची वाट बघत थांबले. तिने पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता रडतंय."

माझं तोंड उघडलंच होतं. नको रे रडूस, येईल हो आई, असलं काहीतरी जिभेवर आलं होतं. त्याआधी पडवीच्या कोपऱ्यातून, मान वर न करता सासूबाई बोलल्या.

"रडू दे गो त्याला."

आम्ही तिघी त्या पानावर थांबलो. मग लेकीने आपल्या हाताने पान उलटलं.