काचेवरचा चुंबक आणि बाविस्कर सर

धुळ्याच्या महाविद्यालयात संशोधनासाठी नाव नोंदवायला गेले, तेव्हा प्रा. बाविस्कर सर गुडघ्यांवर बसून पंपातले काळे तेल बदलत होते. मला ते दुरुस्तीवाले वाटले. "भाऊ, सर कुठे आहेत हो?" मी विचारले. "इथेच आहेत. तेवढा डबा धरता का?" ही आमची पहिली ओळख.

हवा काढलेल्या, घंटेच्या आकाराच्या काचपात्रात सर लोह-निकेलची तार तापवत आणि तिच्या वाफेचा, केसाहून कितीतरी पातळ असा थर, म्हणजे 'फिल्म', काचपट्टीवर बसवत. चुंबक जवळ नेला की त्या थराचा विद्युतरोध किंचित बदले. उद्याची माहिती साठवणारी साधने या गुणावर उभी राहतील, असे सर नव्वदच्या दशकाच्या आरंभीच सांगत. हवा काढायला चार तास लागत. मध्येच वीज गेली की सारे पहिल्यापासून. "चला, चहाला वेळ मिळाला," एवढेच ते म्हणत.

लेक रोज करते तरी काय, हे आमच्या घरी कुणाला कळेना; शिक्षण थांबवायची भाषा सुरू झाली. म्हणून सर एसटीने आमच्या गावी आले आणि मी 'फिल्म' बनवते, असे त्यांनी सांगितले. माझ्या वडिलांनी, आबांनी, विचारले, "सर, हाई फिलिम कोनता टाकीजमा लागी?" सर गंभीरपणे म्हणाले, "आबा, हाई फिलिम टाकीजमा नही, काचवर लागस." घर हसले आणि माझे शिक्षण पुढे चालू राहिले.

एकदा माझ्या पट्टीवर विद्युतरोधातला बदल अपेक्षेच्या अनेक पट आला. सरांनी विभागभर जिलबी वाटली, जळगावच्या परिषदेला शोधनिबंधही धाडला. नंतर माझ्या लक्षात आले, की चुंबक सरकवताना जोडणीची तार हलत होती. बदल थराचा नव्हताच, सैल जोडणीचा होता. दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी सरांपुढे उभी राहिले आणि सांगून टाकले.

ते उठून जोडणीपाशी गेले. मग म्हणाले, "तार कुठे हलते, दाखव." पाहिल्यावर हसले. "जिलबी तर पचली. आता निबंध दुरुस्त करू."

निबंध गुपचूप मागे घेता आला असता. पण जळगावच्या भरल्या सभागृहात सर म्हणाले, "आमचा आकडा चुकीचा होता. चूक माझ्या या विद्यार्थिनीने पकडली. आधी तिचे अभिनंदन करा." चहाच्या वेळी दोन प्राध्यापक मला बाजूला घेऊन आपल्याही जोडण्या कशा तपासाव्यात, ते विचारत होते! पुढे आम्ही सगळ्या पट्ट्या नव्याने मोजल्या. खरा बदल लहानसाच निघाला, पण दर वेळी तेवढाच आला. माझा प्रबंध त्यावरच उभा आहे.

सर आता साठ वर्षांचे होऊन निवृत्त होत आहेत. "आता तरी घरी बसा," असे त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, म्हणतात. सरांनी मात्र निवृत्तीनंतरही विभागात एक खुर्ची मागून घेतली आहे. ती खुर्ची पुढची कितीतरी वर्षे रोज सकाळी भरलेली दिसो, सरांची नजर तीक्ष्ण आणि हात स्थिर राहोत, आणि अक्कांची तक्रारही अशीच चालू राहो!