रुकैयाने वाटलेले नंबर

आमची सून रुकैया दापोलीकडची. लग्न होऊन दोह्याला आली तेव्हा कम्प्युटरची डिग्री ट्रंकेत आणि हातात आईने दिलेलं आंबोशीचं डबडं. २००४ साली ती एका छोट्या कंपनीत लागली, जिथे ऑफिसांना लागणारी मोठाली कम्प्युटर यंत्रं तयार करत. "नक्की करतेस काय?" मी विचारलं. म्हणाली, "अब्बा, यंत्राच्या पोटातला जो मुख्य प्रोग्राम असतो ना, कर्नेल, त्यात काम करते." मी चौथीपर्यंत शिकलेला. यंत्राच्या पोटातलं मला काय कळणार?

पण कळलं मला, आणि कळलं ते पार्सलांमुळे.

आम्ही बाणकोटचे. गावी जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत वजन किती बसणार? म्हणून वस्तू सुटी करून पाठवायची. एक चाक एकाकडे, हँडल दुसऱ्याकडे. एका वस्तूच्या सगळ्या तुकड्यांवर एकच नंबर. गावात माझी बहीण जैतून नंबर बघून सगळ्यांच्या वस्तू जोडते. दोह्याबाहेर मेसईदला कंपनीच्या खोलीत राहणारा माझा दोस्त मुनाफ, तोही असंच पाठवतो. एकदा माझी शिलाई मशीन आणि त्याचा टेबलपंखा, दोन्हींवर पडला एकच नंबर, सात. जैतूनचा फोन आला, "भाईजान, मशीनला ही पाती कुठं लावायची?"

मग ठरलं, नंबर फक्त रुकैयाने द्यायचा. झालं, जो तो नंबर मागायला फोन करी, आमचा फोन कायम एंगेज. मुनाफ चिकटपट्टी हातात धरून ताटकळलेला.

रुकैया हसायला लागली. "अब्बा, माझ्या ऑफिसात हेच चाललंय." तिथलं यंत्रही माहिती पाकिटांत भरून पाठवतं म्हणे. पाकीट मोठं असलं तर तुकडे करतं, आणि पलीकडे जोडता यावेत म्हणून सगळ्या तुकड्यांवर एक नंबर. यंत्रात प्रोसेसर चार, नंबर देणारी खिडकी एक. एक जण नंबर घेई तोवर तिघं उभे. तिने काय केलं, प्रत्येकाला नंबरांचा गठ्ठाच आधी देऊन टाकला. गठ्ठा संपला तरच खिडकीवर यायचं. घरीही तेच केलं: मला एक ते शंभर, मुनाफला एकशे एक ते दोनशे, बाकीच्यांना त्यापुढचे. फोन मोकळा झाला.

पण तिचे साहेब धवल, नाशिकचे, त्यांना पटेना. "नंबर क्रमाने जात नाहीत. गिऱ्हाईक एकनंतर एकशे एक बघेल आणि म्हणेल, मधली पाकिटं हरवली. रविवारी ऑफिस उघडलं की हे काढून टाक." पोरीचं वर्षातलं पहिलं मोठं काम. जेवताना घास फिरवत बसली. मग अचानक म्हणाली, "अब्बा, शुक्रवारी सरांना जेवायला बोलावू? मुनाफचाचांनाही सांगा, सामान घेऊन या."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दोह्यातल्या अल मुंतझा भागातल्या आमच्या घरी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. माझ्या सायकलच्या तुकड्यांवर एक, मुनाफच्या झोपाळ्याच्या दांड्यांवर एकशे एक. धवल सांदण खाता खाता थांबले.

"काका, दोन ते शंभर कुठे गेले?"

"जातील कुठे? माझ्याजवळच आहेत. अजून वापरले नाहीत."

"आणि गावी घोटाळा नाही होत?"

मुनाफ म्हणाला, "साहेब, जैतूनबीला काय करायचंय क्रमाशी? सारखे नंबर एकत्र करायचे. ह्या फजलभाईचा नंबर माझ्या सामानावर पडला नाही म्हणजे झालं. यल्ला, अजून एक सांदण घ्या."

धवल रुकैयाकडे वळले. "तू मला जेवायला बोलावलंस की यासाठी?"

"दोन्हीसाठी, सर."

"आणि गिऱ्हाईकाने विचारलं तर?"

"त्यांनाही जेवायला बोलावू."

ते इतके हसले की सांदण घशात अडकलं. पाणी द्यावं लागलं. मग गंभीर होऊन म्हणाले, "बघ, रविवारी दोन यंत्रं शेजारी लावू. एकात जुनं, एकात तुझं. तुझ्यात एक जरी नंबर दोन पाकिटांवर पडला, तर खलास."

रविवारी मी दुपारपासून खिडकीशी. शेवटी किल्ली वाजली. रुकैया आत आली, चप्पलही काढली नाही. कोपऱ्यात माझी नवी पेटी बांधून ठेवली होती, तिच्यापाशी गेली, मार्कर उचलला आणि वर ठसठशीत दोन लिहिला.

"एकही नंबर दोनदा पडला नाही. माझंच ठेवलं, अब्बा," ती म्हणाली. "गिऱ्हाईकाला समजावायचं सर स्वतःच बघणार आहेत."

मी मुनाफला फोन लावला. पहिल्या रिंगला लागला.