लाकूड प्रकृतीच्या काकू

घटकाभर स्वस्थ बसणं ज्यांना जन्मात जमलं नाही अशा बाई साऱ्या इंग्लंडात एकच असतील, आणि स्लाऊमध्ये घर शोधता शोधता आम्ही नेमके त्यांच्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. नवऱ्याची नोकरी तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत, माझी लंडनच्या एका बँकेत. घरमालकीण मराठी आहे म्हणून आम्ही खूश होतो. पहिल्या शनिवारी सकाळी खालून असा काही धडाधडा आवाज आला की नवरा चादरीसकट जिना उतरला. काकू एकट्याच सोफा ढकलत होत्या. "दार उघडलं की वारा थेट पाठीत शिरतो गं," त्या म्हणाल्या, "म्हणून तोंड फिरवतेय." सोफ्यावर काका बसलेले होते. त्यांच्यासकट सोफा फिरत होता आणि ते शांतपणे मान वळवून टीव्हीवरचं क्रिकेट बघत होते.

काकू लग्न होऊन साताऱ्याहून थेट इकडे आल्या होत्या. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला त्यांनी उभा जन्म काढला, आणि तोही खरोखर उभ्यानेच. निवृत्त झाल्यावर हातापायांना काम उरेना, तेव्हा त्या कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गांना जाऊ लागल्या. आधी खुर्च्यांना कापड चढवायला शिकल्या, मग साल्सा नाचायला शिकल्या, आणि शेवटी चिनी वैद्यकाच्या वर्गात जाऊन पडल्या. तिथल्या वयस्कर चिनी बाईंनी पहिल्याच दिवशी यांच्याकडे नीट पाहिलं आणि सांगितलं, तुम्ही लाकूड प्रकृतीच्या आहात. दुसरी एखादी असती तर रुसून घरी आली असती. काकू मात्र पदवी मिळाल्यासारख्या ताठ मानेने आल्या. काका म्हणाले, "आपल्या पंचमहाभूतांत लाकूड नाही." काकू म्हणाल्या, "आपल्यात वारा आहे ना? झाड हलल्याशिवाय वारा दिसतो का तुम्हाला?" काका पुन्हा टीव्हीकडे वळले. काका पृथ्वीतत्त्वाचे आहेत हे काकूंनी आधीच जाहीर केलं होतं, आणि पृथ्वी काही उत्तर द्यायला उठत नाही.

तेव्हापासून घरात लाकूड सोडून दुसरा विषय उरला नाही. लाकूड म्हणजे वसंत ऋतू, हिरवा रंग, आंबट चव, वारा, राग आणि लिव्हर. बाईच्या अंगातलं रक्त सांभाळायचं आणि वेळेवर सोडायचं काम लिव्हरचं. तिथे राग अडकला की पाळी अडते, डोकं चढतं आणि नवऱ्याचं तोंड बघवत नाही. मला यातलं बरंच काही होत होतं. पाळी मनाला येईल तेव्हा यायची, आणि येण्याआधी मी घरातल्या भिंतींशीसुद्धा भांडायचे. आम्हाला मूल हवं होतं. दर महिन्याला मी आशेने थांबायचे आणि दर महिन्याला बाथरूममध्ये बसून रडायचे, हे काकूंनी न सांगता ओळखलं होतं. त्यांनी मला एकही काढा दिला नाही. "औषध द्यायला माझी परीक्षा कुठे झालीय? आधी जीपीकडे जा, इथल्या फॅमिली डॉक्टरकडे. नाव मी नोंदवलंय, बसने येते बरोबर." मला त्यांच्याकडून मिळाला तो एक हिरवागार लोकरीचा मफलर, एक हॉट वॉटर बॉटल आणि भरपूर कारणं.

कारणांच्या बाबतीत काकूंचा हात कोणी धरू शकलं नसतं. डोकं दुखलं, तर ओल्या केसांनी ट्रेन पकडली म्हणून. पोट दुखलं, तर दुपारी फ्रिजमधलं सँडविच खाल्लं म्हणून. डोळे चुरचुरले, तर मॅनेजरवरचा राग गिळला म्हणून. उसासा हा तर त्यांच्या शास्त्रात साधा गुन्हा नव्हता, अडकलेल्या लिव्हरची ती खूण होती. एकदा माझा नवरा वरच्या खोलीत ऑफिसचं ईमेल वाचून नुसता हुश्श म्हणाला, तर खालून जिन्यात हाक आली, "उसासा कोणी टाकला?" पुढे पुढे तो उसासे टाकायला बागेत जाऊ लागला. शेजारच्या इंग्लिश बाईंनी एकदा सहज हात मिळवायला पुढे केला, तर काकूंनी तो मनगटाशी धरून नाडी बघायला घेतला, आणि चहा गार होईपर्यंत सोडला नाही.

त्या संक्रांतीचं हळदीकुंकू स्लाऊमधल्या बायका अजून विसरल्या नसतील. काकूंनी जाहीर केलं की वाण घेण्याआधी प्रत्येकीने जीभ दाखवायची. रेशमी साड्यांवर कार्डिगन घातलेल्या बायका ओळीने उभ्या राहिल्या आणि चष्मा नाकावर सरकवून काकू एकेकीच्या तोंडात डोकावू लागल्या. पहिली जीभ पिवळी, दुसरी पिवळी, तिसरी त्याहून पिवळी. काकूंचा चेहरा उतरत गेला. "अगं बाई, सगळ्यांच्याच लिव्हरमध्ये उष्णता. उद्याच्या उद्या सगळ्या जीपीकडे जा." बायका घाबरून एकमेकींच्या जिभा बघू लागल्या. तेवढ्यात काका पातेलं घेऊन दारात आले आणि म्हणाले, "केशरी दूध उरलंय, अजून कोणाला हवंय का?" त्या दुधात रंग जरा सढळ हाताने पडला होता, आणि तो काकूंनीच घातला होता. काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग काकू म्हणाल्या, "जीभ आधी, दूध नंतर. पुढच्या वर्षी लक्षात ठेवा." आणि हिरवे मफलर वाटायला लागल्या.

वसंत आला की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. लाकडाचा आवाज म्हणजे ओरडणं, आणि ज्या बाईला ओरडता येत नाही तिचं लिव्हर मोकळं होत नाही, असं त्यांच्या वर्गात शिकवलं होतं. एका रविवारी आम्हा चार-पाच जणींना घेऊन त्या मेडनहेडला नदीकाठी गेल्या आणि म्हणाल्या, "हं, ओरडा." आम्ही सगळ्या शिकल्यासवरलेल्या, मीटिंगमध्ये मान डोलावण्याचा पगार घेणाऱ्या. एक म्हणाली, "काकू, पीपल आर लुकिंग." काकूंनी कमरेवर हात ठेवले आणि अशी आरोळी ठोकली की काठावरची बदकं पाण्यात गेली. एका बोटीवरच्या माणसाने घाबरून विचारलं, सगळं ठीक आहे ना? "नथिंग, लव्ह," काकू ओरडल्या, "ओन्ली अवर लिव्हर." मी पण तोंड उघडलं, पण कोणाला तरी हळूच हाक मारावी तसा नुसता "अहो" बाहेर आला. काकूंनी माझ्या पाठीवर थोपटलं. "अडलाय तुझा आवाज. निघेल कधीतरी."

त्याच वर्षी पानं गळायच्या सुमाराला मला दिवस राहिले. ही बातमी काकूंना सांगितली त्या दिवसापासून खालचा सोफा हलला नाही. मला झोप लागावी म्हणून त्या घरात चवड्यांवर चालायच्या आणि काकांना टीव्हीचा आवाज बंद करून क्रिकेट बघायला लावायच्या. तिसरा महिना लागायच्या आत एका सकाळी रक्त दिसलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरून समजावलं की असं पुष्कळदा होतं, तुम्ही काही केल्याने हे झालेलं नाही आणि काही केल्याने थांबलंही नसतं. मी मान डोलावली आणि घरी येऊन पांघरूण ओढून पडले. डोक्यात मात्र काकूंचं सगळं शास्त्र फिरत होतं. केस ओले होते. ट्रेनमागे धावले होते. मॅनेजर वाटेल ते बोलला होता आणि मी गप्प बसले होते. जिन्यावर काकूंची पावलं वाजली तेव्हा मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. आता त्या कारण सांगणार, आणि ते मला सहन होणार नाही.

त्या दारात आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी उठून बसले आणि ओरडले. "एक शब्द बोलू नका, काकू. तुमचं वारं नको, लिव्हर नको, काही नको. मला माहितेय सगळं माझ्यामुळे झालं." असा आवाज माझ्या गळ्यात आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. काकूंनी त्याला हातानेच थांबवलं, खिडकीजवळच्या खुर्चीवरचे कपडे उचलून मांडीवर घेतले आणि त्या बसल्या. कपड्यांच्या घड्यासुद्धा केल्या नाहीत. मी रडत होते, मधेच थांबत होते, पुन्हा रडत होते, आणि त्या बसून होत्या. त्यांचा उजवा पाय सारखा थरथरत होता, त्यावर त्यांनी तळहात दाबून धरला होता. नवऱ्याने ठेवलेला चहा पार गार झाला. खिडकीबाहेर अंधारून आलं तेव्हा त्यांनी तो गार चहा एका दमात पिऊन टाकला. गार काही पिऊ नये म्हणून आख्ख्या गावाच्या मागे लागणारी ती बाई. मग त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी सगळ्यांनी मला कारणं सांगितली होती गं. पपई खाल्लीस का, जिना चढलीस का, कोणाचं वाईट चिंतलंस का. एकही खरं नव्हतं." मांडीवरचे कपडे बाजूला ठेवत म्हणाल्या, "तुझं काही चुकलेलं नाही." हेच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. माझा विश्वास काकूंनी सांगितल्यावर बसला.

त्यानंतर आम्ही मेडनहेडला घर घेतलं. काकू-काका कॉव्हेंट्रीला मुलाजवळ राहायला गेले. इथे वारा कुठूनही आत आला तरी सोफा जागचा हलत नाही, आणि नवरा पुन्हा घरातच मनमोकळे उसासे टाकतो. रविवारी काकूंचा फोन येतो. तिकडच्या बायकांनाही त्यांनी हिरवे मफलर विणून दिलेत, आणि मुलाच्या सोफ्याला घरभर फिरवून झालंय. गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यानंतरच्या एका रविवारी फोन आला नाही म्हणून मीच लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग फोन उचलला गेला आणि पलीकडून एक लांब उसासा ऐकू आला.

"उसासा कोणी टाकला, काकू?" मी विचारलं.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "सोफ्यावर काकांच्या जागी बसले होते जरा."

मी कारण विचारलं नाही. फोन कानाशी धरून त्यांच्याबरोबर तशीच बसून राहिले.