दोरीवरचा पांढरा कोट

गॅलरीतल्या दोरीवर सकाळी एक पांढरा कोट वाळत होता. मुलीचा, प्रयोगशाळेतला, असं समजून मी जाता-येता त्याच्याकडे कौतुकानं बघत होतो. डॉक्टरचा बाप व्हायची रंगीत तालीमच म्हणा. जवळ गेलो तर बाहीवर चॉकलेटचे डाग.

“बेकरीत शिकायला जाते ईरा,” बायको शांतपणे म्हणाली. “बारावीची परीक्षा संपल्यापासून.”

“आणि मला पत्ता नाही?”

“रविवारी काकूंकडून आला म्हणून सांगितलेला केक तिनंच केलेला. मागून मागून खाल्लात की.”

म्हणजे शेजारच्या काकूंनाही ठाऊक होतं. घरातल्या घरात फितुरी, आणि तीही माझ्याशी. सोसायटीभर मीच सांगत फिरायचो, मुलांचं मुलांना ठरवू द्यावं. तसं बोलून दाखवलं, तर बायको म्हणाली, “‘तुला आवडेल ते कर’ म्हणता खरं, पण काय आवडायला हवं तेही तुम्हीच सांगता.”

फसवल्या गेलेल्या माणसाला निदान रागावता तरी यावं. मला तीही सोय नव्हती. मुलं घर सोडून जातात ती फार नंतर. त्याआधी कितीतरी दिवस ती आपल्याशी बेतून बोलू लागतात आणि आपल्याला वाटतं, किती शहाणी झाली.

तेवढ्यात ईरा आली. मला तिथं पाहून तिनं ओलाच कोट ओढला आणि पाठीमागे धरला.

“राहू दे गं, वाळू दे,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. मी खरं बोलतोय का, हे तिनं डोळ्यांनीच आईला विचारलं.