घर विकणे आहे, प्लॉट नाही

"घर बघायला आलात की जागा?"

फाटकाची कडी हातात धरूनच बाई हा प्रश्न विचारत. उत्तर मिळेपर्यंत कडी सुटत नसे. समोरचा माणूस गोंधळून म्हणे, "म्हणजे... तेच ना? विकायचं आहे म्हणून ऐकलं." बाई म्हणत, "तेच नाही. विचार करून सांगा, मला घाई नाही."

घाई त्यांच्या मुलाला होती. तो आणि सून दोघेही हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत. कंपनीची बस सकाळी न्यायची आणि रात्री आणून सोडायची. वाकडला त्यांनी फ्लॅट नोंदवला होता. नात शाळेतून आल्यावर घरात कोणीतरी हवं होतं, आणि बाईंनाही जिना झेपेनासा झाला होता. तेव्हा इथलं घर विकायचं आणि आईनं तिकडे यायचं, असं ठरलं. यात कोणाचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मार्केट यार्डच्या वरच्या अंगाला, बिबवेवाडीच्या बाजूला आमची बंगल्यांची छोटी सोसायटी. बंगले म्हणायचे एवढंच. खाली तीन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. बाईंचं घर आमच्या पूर्वेला. त्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, मी एका कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात. म्हणून मी त्यांचा 'हिशेबनीस'. सकाळचं ऊन त्यांच्या गच्चीवरून आमच्या स्वयंपाकघरात यायचं. आमची ही त्यांना एकदा म्हणाली, "बाई, तुमच्यामुळे आमच्याकडे ऊन येतं." बाई म्हणाल्या, "मी फक्त वाटेत उभी राहत नाही."

घर विकायला काढायचं म्हणजे काय करतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. भिंतीला रंग मारतात, ओल झाकतात, गळका नळ गिऱ्हाइकासमोर सोडत नाहीत. बाईंनी उलटं केलं. त्यांनी आधी सुतार बोलावून दारं तासून घेतली, कड्या-कोयंडे बदलले, गच्चीवर उभं राहून डांबर ओतून घेतलं. जे दुरुस्त होण्यासारखं होतं ते केलं. जे होण्यासारखं नव्हतं ते मात्र प्रत्येकाला दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

एजंट मोटारसायकलवरून येई. पश्चिमेच्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता. तो म्हणाला, "मावशी, ह्याच्यावर पुट्टी मारून घ्या. गिऱ्हाईक घाबरतं."

"आत्ता घाबरलेलं बरं. पावसाळ्यात घाबरून ते जाईल कुठे?"

एजंटाने माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात पाहिलं.

पुढे एजंटाचा बोर्ड काढून बाईंनी स्वतः पाटी लिहिली. 'घर विकणे आहे. प्लॉट नाही.' अक्षर फळ्यावरचं, गोल आणि ठसठशीत. आमच्या सोसायटीत त्यावर बरीच करमणूक झाली. एका गृहस्थांनी मुद्दाम स्कूटर थांबवून बेल दाबली.

"अहो, प्लॉट नाही म्हणजे घर काय हवेत आहे का?"

"तुमच्यासाठी हवेतच आहे," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पण त्यांना काय म्हणायचं होतं ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. आयटीचा पैसा शहरात आला होता. येणाऱ्यांपैकी बरेच जण अंगणातच थांबत. पावलांनी लांबी-रुंदी मोजत, मान वर करून रिकाम्या आभाळाकडे पाहत, किती मजले बसतील ते आपसात बोलत. घराकडे त्यांची पाठ असायची. अशांना बाई पाणीसुद्धा विचारत नसत. त्यांना एकच गोष्ट हवी होती, या घरात कोणीतरी राहायला यावं. घर पाडायला त्यांना द्यायचं नव्हतं.

मी आकडेमोड करून त्यांना दाखवली. बिल्डर देत होता त्यात आणि राहायला येणारा देईल त्यात केवढा फरक पडतो ते स्पष्ट सांगितलं. मुलगाही होता.

बाई म्हणाल्या, "हिशेबनीस, गणित बरोबर आहे तुमचं. पूर्ण मार्क. पण हा प्रश्न मी विचारलाच नव्हता."

मुलगा चिडला नाही, दमल्यासारखा म्हणाला, "आई, विकल्यावर त्यांनी त्याचं काय करायचं, ते तू ठरवणार आहेस का?"

बाईंनी माझा हिशेबाचा कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "नाही. पण कोणाला द्यायचं ते ठरवीन. तेवढं राहू दे माझ्याकडे."

त्यांची एक परीक्षा होती, ती नंतर माझ्या लक्षात आली. स्वयंपाकघराची खिडकी सागवानी, यजमानांनी टिंबर मार्केटमध्ये स्वतः लाकूड निवडून करून घेतलेली. पण तिची एक झडप खाली उतरली होती. सरळ ढकलली तर अडायची; आधी जरा उचलून मग ढकलली की बोटानेही उघडायची. सुताराने बिजागऱ्या बदलूनही तिने हट्ट सोडला नाही. येणाऱ्याला बाई म्हणत, "खिडकी उघडून बघा." बहुतेक जण एकदा ढकलत, अडली की "असू दे" म्हणत पुढच्या खोलीत जात. एकाने गुडघा लावला. त्याला बाईंनी चहाही न देता वाटेला लावलं.

मग एक कुटुंब आलं. नवरा हिंजवडीचाच, बायको बँकेत, आणि बरोबर नवऱ्याची आई. आई आधी ओट्यापाशी गेली, ओट्यावरून हात फिरवला, खिडकी ढकलली. अडली. तिने ती मागे घेतली, खालून पाहिलं, तळहाताने अलगद उचलली आणि मग ढकलली. ऊन आत आलं.

"आमच्या घरची अशीच होती," ती म्हणाली. "अंगवळणी पडली की काही वाटत नाही."

बाईंनी फाटकावरचा प्रश्न तिला विचारलाच नाही. "चहा घेणार ना? बसा," म्हणाल्या. मी समजलो, घर गेलं.

निघायच्या दिवशी बाईंनी सगळं घर स्वतः झाडलं. सून म्हणत होती, "आई, ते लोक करून घेतील हो." बाईंनी ऐकलं नाही. शेवटी ओट्यावर घासलेला तांब्या पाण्याने भरून ठेवला, त्यावर फुलपात्र, शेजारी वाटीत मीठ. नव्या माणसांना घर रिकामं लागू नये म्हणून. मग आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "फोन करीन अधूनमधून. पण घराचं विचारणार नाही. तुम्हीही सांगायचं नाही."

"चांगलं असलं तरी?"

"चांगलं सांगायला लागलात, तर एखाद्या वेळी गप्प बसाल ना, ते मला कळेल."

वाकड पुण्यातल्या पुण्यात. पण बाई पुन्हा आमच्या भागात आल्या नाहीत. फोन मात्र येत. पाणी किती वेळ येतं, मंडईपेक्षा यार्डातला कांदा स्वस्त आहे का, कोपऱ्यावरचा कुत्रा अजून पोस्टमनवर भुंकतो का. आपलं घर सोडून गल्लीतलं सगळं त्या विचारत.

ती माणसं खरंच राहायला आली होती. मी रोज बघत होतो. सकाळी ती झडप उचलल्याचा बारीक आवाज यायचा आणि मग कुकरची शिट्टी. दिवाळीत आकाशकंदील लागायचा. पण त्या घराच्या मागे आणि पुढे इमारती उठल्या, बोअरचं पाणी आटलं. नवऱ्याची आई गेली. मग त्याला कंपनीने परदेशी पाठवायचं ठरवलं. तो आणि त्याची बायको आम्हाला सांगायला आले तेव्हा तिचे डोळे भरले होते. "बाईंना कळवू नका," ती म्हणाली. मी म्हटलं, "मला तशी मनाईच आहे."

घर बिल्डरने घेतलं. पाडायचं मशीन लागण्याआधी भंगारवाले दारं-खिडक्या काढायला आले. मी खिडकीत उभा होतो. दोघे जण त्या झडपेशी झटत होते, ती अडून बसली होती. एकाने हातोडा उचलला.

"अहो, थांबा!" मी ओरडलो. माझा आवाज एवढा चढतो हे मलाही माहीत नव्हतं. "आधी उचला. मग ढकला."

त्याने उचलली, ढकलली. उघडली. तो माझ्याकडे बघून हसला आणि स्क्रू काढायला लागला.

पुढे इमारत झाली. बाईंचे फोन चालू होते. कांदा, पाणी, कुत्रा. मी ठरल्याप्रमाणे काही बोललो नाही. मग एका सकाळी त्यांनी मधेच विचारलं, "हिशेबनीस, तुमच्या स्वयंपाकघरात हल्ली ऊन कधी येतं?"

त्या भूगोलाच्या बाई. आणि मला आकडा चुकीचा सांगता येत नाही.

"अकराच्या सुमारास," मी म्हणालो.

पलीकडे नातीचा टीव्ही चालू होता. तेवढाच ऐकू येत राहिला.

"अकरा," बाई म्हणाल्या. "म्हणजे बरंच उंच बांधलंय."

मी खिडकीतून त्या इमारतीकडे पाहिलं.

"खिडकी फोडली का हो त्यांनी?" बाईंनी विचारलं.

"नाही. आधी उचलली, मग ढकलली. उघडली."

"मग ठीक," बाई म्हणाल्या. आणि यार्डात लसूण काय भाव आहे ते विचारलं.

नंतर त्यांचे फोन कमी होत गेले. शेवटचा आला तो मुलाचा, बाई गेल्याचा. आम्ही दोघं वाकडला जाऊन आलो. अकराव्या मजल्यावर भरपूर ऊन होतं, अगदी ओट्यापर्यंत.

आमच्याकडे सकाळच्या चहाला आता दिवा लावावा लागतो. तो बंद करायची आठवण ऊन ओट्यावर आलं की होते.